दिवसाच्या मिलिसेकंदांचा हिशेब : गाभ्यावर आळ घेण्याआधी या चुका टाळा

परवा एम.एस्सी.च्या एका मुलाने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर दिवसाच्या लांबीचा १९६२पासूनचा आलेख होता, डावीकडून उजवीकडे लटपटत उतरत गेलेला. "मॅडम, पृथ्वी मंदावतेय हे सरळ दिसतंय. गाभा आणि प्रावरण यांच्यातल्या घर्षणामुळे."

दोन वाक्यांत तीन चुका. हा आलेख उतरतो तेव्हा पृथ्वी मंदावत नसते. घर्षण हा गाभा-प्रावरणाच्या नात्यातला सगळ्यात दुबळा धागा आहे. आणि 'गाभ्यामुळे' म्हणण्याआधी जी वजाबाकी करावी लागते ती त्याने केलेलीच नव्हती. त्याच्यावर चिडायचं कारण नव्हतं. याच चुका मला विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत, वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'विज्ञाना'त सतत भेटतात.

आधी मूळ मांडणी बघू. भूकवच आणि प्रावरण मिळून २८९० किलोमीटर जाडीचं खडकाचं टरफल. त्याच्या आत ३४८० किलोमीटर त्रिज्येचा गाभा. गाभ्याचा बाहेरचा भाग वितळलेल्या लोखंड-निकेलचा, आणि अगदी मध्यभागी १२२० किलोमीटर त्रिज्येचा घन अंतर्गाभा. बाहेरून कुणी पीळ दिला नाही तर या सगळ्यांचा मिळून कोनीय संवेग (फिरण्याचा एकूण साठा) तेवढाच राहतो. गाभ्याने थोडा कमावला की प्रावरणाचा तेवढा गेला. आपण राहतो प्रावरणाच्या बाजूला, म्हणून गाभ्याची कमाई आपल्याला लांबलेल्या दिवसाच्या रूपात दिसते आणि गाभा मंदावला की आपला दिवस आखडतो.

चिन्ह उलटं वाचणं

पृथ्वीच्या परिवलनाच्या आकडेवारीत 'एलओडी' (लेंग्थ ऑफ डे, दिवसाची लांबी) नावाचा रकाना असतो. तो वेग दाखवत नाही. दिवसाच्या लांबीतून ८६,४०० सेकंद वजा केल्यावर जे उरतं ते तिथे लिहिलेलं असतं. आकडा धन असेल तर दिवस लांब आणि पृथ्वी हळू. ऋण असेल तर पृथ्वी जलद. ५ जुलै २०२४ चा दिवस १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला, म्हणजे त्या दिवशी रकान्यात उणे १.६६ आहे.

आपलं चिन्ह बरोबर आहे का, हे तपासायला एक साधी खूण आहे. १९७२ च्या सुमाराला वार्षिक सरासरी अधिक ३ मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवी आणि २०२० नंतर ती शून्याजवळ किंवा किंचित खाली. तुमच्या आलेखात १९७२ तळाला दिसत असेल तर कुठेतरी उणेची रेघ हरवली आहे. बहुतेक वेळा ती यूटी१ (पृथ्वीच्या फिरण्यावरून ठरणारी वेळ) आणि यूटीसी (अणुघड्याळांवर चालणारी वेळ) यांच्या फरकावरून उतार काढताना हरवते, कारण त्या फरकाचा उतार आणि एलओडी यांची चिन्हं परस्परविरुद्ध असतात.

लीप सेकंदाचा, म्हणजे घड्याळात मुद्दाम घातलेल्या जादा सेकंदाचा, गोंधळ याच घरातला. लीप सेकंद दिला म्हणजे दिवस एका सेकंदाने वाढला, असं छापून येतं. रोजचा दोन मिलिसेकंदांचा फरक वर्षभर साचला की पाऊण सेकंद होतो. लीप सेकंद ही साचलेल्या फरकाची फेड आहे. १९७२ पासून असे २७ सेकंद दिले गेले. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे ५:२९:५९ नंतर आला, घड्याळात ५:२९:६० दिसलं आणि मग साडेपाच वाजले. सत्तरीच्या दशकात लीप सेकंद दरवर्षी लागत होते. १९९८ च्या अखेरीनंतर थेट २००५ ची अखेर उजाडली. या सात वर्षांच्या खंडात गाभ्याचा मोठा हात आहे, पण लीप सेकंदांच्या यादीवरून तो कुणाच्या लक्षात येत नाही. २०३५ पर्यंत ही पद्धतच बंद करायचं २०२२ मध्ये ठरलं, तेव्हा पुढच्या पिढीला निदान हा एक गोंधळ कमी.

मिलिसेकंद आणि मायक्रोसेकंद एकाच पंक्तीला बसवणं

'भूकंपाने पृथ्वीचा वेग वाढला' ही बातमी खोटी नसते, फक्त तिचं माप डोळ्यांसमोर राहत नाही. डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपाने दिवस २.६८ मायक्रोसेकंदांनी लहान झाला असावा, २०११ च्या जपानच्या भूकंपाने १.८ मायक्रोसेकंदांनी. हे दोन्ही आकडे गणिताने काढलेले आहेत. रोजच्या मोजणीच्या गोंगाटात ते वेगळे दिसत नाहीत. गाभ्याची दशकांच्या पल्ल्यावरची उलाढाल तीन-चार मिलिसेकंदांची, म्हणजे हजार पटींहून मोठी. दोन्ही एकाच आलेखावर काढू नका.

वजाबाकी न करता गाभ्याचं नाव घेणं

माझ्या अनुभवात सगळ्यात महाग पडणारी चूक ही. दिवसाच्या लांबीला अनेक वाटेकरी आहेत, आणि गाभा त्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा असतो. त्याचा वाटा थेट मोजता येत नाही; बाकीच्यांचे काढून घेतल्यावर जे उरतं त्यातून तो ओळखावा लागतो.

पहिला वाटेकरी चंद्र. तो विषुववृत्तापासून दूर, उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो तेव्हा त्याने ओढलेला पृथ्वीचा फुगवटा आसाच्या बाजूला सरकतो आणि पृथ्वी, हात जवळ घेतलेल्या नर्तिकेसारखी, जराशी वेगाने फिरते. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. हे नेमकं काढता येतं, म्हणून आधी हेच वजा करा. दुसरा वाटेकरी वारा. उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वारे मंदावतात, हवेने सोडलेला संवेग जमिनीला मिळतो आणि दिवस आखडतो. म्हणून 'सर्वांत लहान दिवसा'च्या बातम्या जवळपास दरवर्षी जून ते ऑगस्टमध्येच येतात: २०२० मध्ये १९ जुलै, २०२२ मध्ये २९ जून, २०२४ मध्ये ५ जुलै. तारीख ठरवली चंद्राने आणि वाऱ्याने. पण तीच तारीख १९७२ साली आली असती तर दिवस ८६,४०० सेकंदांच्या खाली गेला नसता. गाभ्याने मधल्या पन्नास वर्षांत सगळी पातळीच खाली आणून ठेवलीय, आणि विक्रम होतात ते त्या खालच्या पातळीवर. बातमीत मात्र एक तर सगळं श्रेय गाभ्याला जातं, नाहीतर त्याचं नावच नसतं.

वाऱ्यानंतर महासागरांचे प्रवाह, जमिनीवरचं पाणी, आणि आता वितळणारा बर्फ. ध्रुवांजवळचं पाणी विषुववृत्ताकडे पसरलं की दिवस लांबतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा हवामानबदलाचा वाटा २००० नंतर शतकाला १.३३ मिलिसेकंद इतका काढला. त्याच वर्षी भूभौतिकशास्त्रज्ञ डंकन अॅग्न्यू यांनी दाखवलं की गाभा १९७२ पासून मंदावत असल्याने प्रावरणाला वेग मिळतोय, आणि कधीही न वापरलेला ऋण लीप सेकंद, म्हणजे घड्याळातून वगळायचा सेकंद, लागायची वेळ त्यामुळे जवळ येतेय. बर्फ वितळला नसता तर ती २०२६ मध्येच आली असती, आता २०२९ च्या आसपास. गाभा एका बाजूला ओढतोय, बर्फ दुसऱ्या बाजूला. बर्फाचा वाटा न काढता गाभ्याचा आलेख काढलात तर तो प्रत्यक्षापेक्षा सपाट दिसेल.

आता पळवाटेबद्दल. वारा वजा करायचा तर वातावरणाच्या संवेगाची मालिका उतरवून घ्या, तारखा जुळवा, एककं बदला. कंटाळवाणं काम. त्यापेक्षा ३६५ दिवसांची चलत् सरासरी (प्रत्येक दिवसासाठी त्याच्या मागच्यापुढच्या दिवसांची मिळून सरासरी) घेतली की आलेख गुळगुळीत होतो आणि वारा गेल्यासारखा वाटतो. गेलेला असतो फक्त वार्षिक फेरा. दोन-तीन वर्षांच्या लयीत येणारे वारे तसेच राहतात, एल निनोही राहतो. १९८२-८३ च्या एल निनोत दिवस जवळपास एक मिलिसेकंदाने लांबला होता, तेही निव्वळ हवेमुळे. शिवाय सरासरीची खिडकी मालिकेच्या टोकांना अर्धी रिकामी राहते. मग आलेखाच्या शेवटच्या सहा महिन्यांत एक झोकदार वळण येतं आणि विद्यार्थी त्याखाली 'गाभ्याच्या वर्तनात अलीकडे झालेला बदल' असं लिहून मोकळे होतात. टोकं कापा. तरीही वळण राहिलं तर मग बोलू.

पन्नास वर्षांवरून सरळ रेघ ओढणं

भरती-ओहोटीच्या घर्षणाने दिवस शतकाला सुमारे २.३ मिलिसेकंदांनी लांबायला हवा. बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांपासूनच्या ग्रहणांच्या नोंदी मात्र शतकाला सुमारे १.८ सांगतात. इसवीसनपूर्व १३६ मध्ये १५ एप्रिलला बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसलं. पृथ्वी आजच्याच लांबीच्या दिवसांनी फिरत आली असती तर ते तिथे दिसलंच नसतं. मधल्या तफावतीत मोठा भाग हिमयुगानंतर अजून वर येत असलेल्या जमिनीचा आहे.

हे आकडे पाठ असलेली मंडळी १९७२ ते २०२२ च्या आकड्यांतून रेघ ओढतात आणि ती उलट्या दिशेला गेलेली बघून गोंधळतात. पन्नास वर्षांत भरतीने एक मिलिसेकंदाच्या आसपास भर घालायला हवी होती, प्रत्यक्षात तीन मिलिसेकंद कमी झाले. यात गौडबंगाल काही नाही. भरती हे हळूहळू वाढत जाणारं कर्ज आहे आणि गाभा हा दर काही दशकांनी घेणारा-देणारा व्यापारी. पन्नास वर्षांच्या खिडकीत व्यापारीच मोठा दिसणार. एकोणिसाव्या शतकात १८७० च्या सुमाराला दिवस आजच्याहूनही लहान होता आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने चांगलीच उडी घेऊन लांबी वाढवली. मात्र त्या काळाचे आकडे चंद्राने तारे झाकल्याच्या वेधांवरून काढलेले आहेत. अणुघड्याळ १९५५ चं. १९५५ च्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आकड्यांना सारखाच भरवसा देऊ नका.

अंतर्गाभा आणि बाह्य गाभा यांची गल्लत

जानेवारी २०२३ मध्ये 'पृथ्वीचा गाभा फिरायचा थांबला' ही बातमी घरोघरी पोचली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी विचारलं, आता चुंबकीय क्षेत्र जाणार का, मोबाइल बंद ठेवायचे का. मूळ संशोधन पेकिंग विद्यापीठातल्या यी यांग आणि शियाओदोंग सोंग यांचं. त्यांचं म्हणणं होतं की अंतर्गाभ्याचं *प्रावरणाच्या तुलनेत* पुढे सरकणं २००९ च्या सुमाराला थांबलं आणि आता तो किंचित मागे पडतोय. शेजारच्या गाडीच्या बरोबरीने तुमची गाडी धावू लागली की शेजारची गाडी थांबल्यासारखी दिसते, तेवढंच हे थांबणं. अंतर्गाभा पृथ्वीसोबत दिवसाला एक फेरा घालतोच आहे, आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं बाहेरच्या द्रव गाभ्यात.

पण शास्त्र शिकणाऱ्यांची गल्लत वेगळी असते. ते अंतर्गाभ्याचं हे सरकणं आणि दिवसाच्या लांबीतले बदल थेट जोडून टाकतात. अशा वेळी मी फळ्यावर एक हिशेब करून घेते, दहा मिनिटांचा.

पृथ्वी वर्षाला ३६० गुणिले ३६५.२५ म्हणजे सुमारे १,३१,५०० अंश फिरते. दिवसात ८ कोटी ६४ लाख मिलिसेकंद असतात. दिवस एका मिलिसेकंदाने बदलला तर प्रावरणाचा वेग वर्षाला १,३१,५०० भागिले ८ कोटी ६४ लाख, म्हणजे जेमतेम ०.००१५ अंशाने बदलला. आता ही देवघेव कोणी केली? प्रावरणाचं जडत्व परिबल (फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध) अंतर्गाभ्याच्या सुमारे बाराशे पट आहे. एकट्या अंतर्गाभ्याने हा एक मिलिसेकंद फेडायचा तर त्याला आपला वेग वर्षाला जवळपास १.८ अंशाने बदलावा लागेल. १९९६ मध्ये अंतर्गाभ्याच्या वेगळ्या फिरण्याचा पहिला दावा झाला तोच मुळी वर्षाला १.१ अंशाचा होता, आणि नंतरच्या अभ्यासांत तो आकडा कितीतरी खाली आला. उलट संपूर्ण गाभा धरला तर प्रमाण आठाच्या आसपास येतं, वर्षाला ०.०१२ अंश बदल पुरतो. द्रव गाभ्यातल्या प्रवाहांमुळे चुंबकीय क्षेत्राच्या खुणा वर्षाला ०.२ अंशाने पश्चिमेकडे सरकताना दिसतात. म्हणजे मिलिसेकंदांचा खर्च द्रव गाभ्याच्या खिशातून आरामात निघतो. अंतर्गाभ्याचा खिसा तेवढा मोठा नाही.

हे पश्चिमेकडे सरकणं एडमंड हॅले यांनी १६९२ मध्येच मांडलं होतं आणि त्याचा अर्थ लावायला पृथ्वीच्या पोटात वेगवेगळ्या वेगाने फिरणारी टरफलं कल्पिली होती. गृहस्थ दिशेने बरोबर होते.

अंड्याचा दाखला ताणणं

कच्चं आणि उकडलेलं अंडं ओट्यावर फिरवा, बोट टेकवून क्षणभर थांबवा आणि बोट उचला. उकडलेलं थांबून राहतं, कच्चं पुन्हा फिरू लागतं, कारण आतला बलक आणि पांढरं फिरतच राहिलेलं असतं. टरफल आणि आतला द्रव यांचे वेग वेगळे असू शकतात, हे पटवायला याहून चांगला प्रयोग नाही. मी दरवर्षी करते.

बिघाड होतो तो पुढच्या वाक्यात: 'तसंच पृथ्वीतही घर्षणाने होतं.' अंड्यातलं पांढरं चिकट असतं आणि अंडं मुठीएवढं. बाह्य गाभ्यातलं वितळलेलं लोखंड जवळपास पाण्याइतकं पातळ आहे आणि साडेतीन हजार किलोमीटर त्रिज्येच्या भांड्यात भरलंय. चिकटपणाने ते प्रावरणाला जवळजवळ ओढतच नाही. प्रावरणाला पकडायला त्याच्याकडे इतर हात आहेत. एक चुंबकीय: लोखंड विजेचं उत्तम वाहक, त्यातून निघालेल्या बलरेषा प्रावरणाच्या तळात घुसतात आणि तो तळही थोडा वाहक असेल तर रबराच्या दोऱ्यांसारखा पीळ देतात. त्यासाठी तळाच्या थराची एकूण वाहकता दहा कोटी सीमेन्सच्या (वाहकतेचं एकक) घरात लागते, आणि प्रावरणाच्या सामान्य खडकांकडून ती मिळणं अवघड. म्हणून तळाला लोखंडाने समृद्ध पातळ थर असावा, असं अनेकांचं म्हणणं. दुसरा आकाराचा: सीमेवर उंचवटे असतील तर वाहतं लोखंड त्यांच्यावर रेलून ढकलतं. ही कल्पना रेमंड हाइड यांनी १९६९ मध्ये पुढे आणली. तिसरा गुरुत्वाचा: प्रावरणातले जड-हलके भाग अंतर्गाभ्याला एका ठरावीक स्थितीत धरू पाहतात. यातला कुठला हात किती भार उचलतो यावर आजही वाद आहे. म्हणून प्रकल्पात 'घर्षण' हा एकच शब्द लिहिलात की परीक्षकाला आयताच प्रश्न मिळतो. 'युग्मन' (जोडणी) लिहा आणि कोणतं ते सांगा.

चुंबकीय नोंदी थेट शेजारी मांडणं

गाभ्याचा वाटा वजाबाकीतून काढला, तर तो खरंच गाभ्याचा आहे याची साक्ष चुंबकीय क्षेत्र देतं. आपल्याकडे याचा खजिना आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या १९०४ मध्ये अलिबागला नेल्या, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. त्यामुळे मुलं हटकून अलिबागच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज (आडवा) घटक घेतात, एलओडीशेजारी मांडतात आणि सहसंबंध शोधतात. सापडतो तो अकरा वर्षांचा सौरचक्राचा फेरा. जुळलेला दिसला तरी तो गाभ्याचा नसतो.

एका ठिकाणच्या क्षेत्रमूल्याचा आणि पृथ्वीच्या वेगाचा थेट संबंध नाही. आधी क्षेत्र *बदलण्याचा वेग* काढावा लागतो, मासिक सरासरींतून. मग जगभरच्या वेधशाळा आणि उपग्रह यांच्या मिळून केलेल्या प्रतिमानावरून गाभ्याच्या पृष्ठभागावरचा प्रवाह. त्यातलाही थोडाच भाग कामाचा: झपाट्याने फिरणाऱ्या द्रवात प्रवाह आसाभोवती एकात एक बसलेल्या नळकांड्यांसारखा बांधला जातो, आणि फक्त या नळकांड्यांचं फिरणं कोनीय संवेग वाहून नेतं. जॉल, झीर आणि ल म्वेल यांनी १९८८ मध्ये असा हिशेब केला आणि तो दशकांच्या एलओडीशी छान जुळला. २०१० मध्ये याच नळकांड्यांत साधारण सहा वर्षांनी उमटणाऱ्या पिळाच्या लाटा ओळखल्या गेल्या. त्यावरून गाभ्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र ४ मिलिटेस्ला निघालं, अलिबागच्या जमिनीवर मोजतो त्याच्या जवळपास शंभरपट.

आणि पश्चिमेकडचं सरकणं एकसारख्या वेगाने चाललं असेल तर दिवसाची लांबी बदलत नाही. ती बदलते सरकण्याचा वेग बदलला की.

४३० आणि ४३३

ही चूक थोडी पुढची आहे. ध्रुवाची सुमारे ४३३ दिवसांची डगमग अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ सेथ चँडलर यांनी १८९१ मध्ये शोधली. द्रव गाभा आणि प्रावरण यांचे आस जरासे हलले की होणारी आणखी एक डगमग आहे, तिचा काळ सुमारे ४३० दिवस. आकडे शेजारी आले हा योगायोग. पहिली जमिनीवरून बघताना दिसते, दुसरी ताऱ्यांच्या संदर्भात आणि उलट दिशेने. दुसरीचा काळ अपेक्षेपेक्षा कमी निघाला, त्यावरून १९८६ मध्ये कळलं की गाभ्याची सीमा समजलो होतो त्याहून सुमारे ५०० मीटर जास्त चपटी आहे. दोन्ही एकच समजलात तर हा सगळा निष्कर्ष हातून जातो.

तो मुलगा आठवड्याने परत आला. चिन्ह सुधारलं होतं, भरती वजा केली होती, टोकं कापली होती. वाऱ्याच्या जागी मात्र चलत् सरासरीच. आलेखात २०१५-१६ ला एक सुबक उंचवटा उरला होता आणि त्याखाली लिहिलं होतं: गाभ्यातली संभाव्य लाट.

तो लातूरचा. मी विचारलं, "त्या उन्हाळ्यात तुमच्याकडे काय चाललं होतं?"

"तेव्हा मी शाळेत होतो. मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं."

"आणि त्याआधीचा पाऊस का गेला होता?"

"एल नि..." म्हणाला, आणि लॅपटॉप बंद करून वातावरणाच्या संवेगाची फाइल उतरवायला गेला.